मेलबर्नमध्ये इन्व्हेस्टमेंटसाठी घर घेताय? 'स्टेशन जवळ आहे' एवढ्यावर सही करू नका

मंडळाच्या कार्यक्रमात असो, मुलांच्या क्रिकेट मॅचला मैदानाबाहेर उभं असताना असो, हल्ली कोणी ना कोणी मला गाठतंच आणि विचारतं, ताई इनर सबर्ब्समध्ये इन्व्हेस्टमेंटसाठी काहीतरी घ्यायचंय, ट्रेन जवळ पाहिजे, कुठे घेऊ? प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. मी फायनान्शियल अॅडव्हायजर नाही हे आधीच सांगून ठेवते, पण मेलबर्नमध्ये बरीच वर्षं काढलीत, शनिवारी ऑक्शन बघत फिरणं हा माझा आणि नवऱ्याचा जुना नाद आहे, आणि ह्या विषयावर माझी मतं पक्की आहेत.

आपल्यातले बरेच जण पहिलं घर लांब घेतात. टार्नीट, पॉइंट कुक, क्लाइड, तिकडे चार बेडरूम, दोन गाड्यांचं गॅरेज, आणि त्यात गैर काही नाही, मुलं लहान असतात, आईबाबा भारतातून येऊन महिनोन्महिने राहतात, जागा लागतेच. पण भाड्याने द्यायला दुसरं घर घ्यायची वेळ आली की तीच माणसं एकदम दुसऱ्या टोकाला जातात, शहराच्या मधोमध एखाद्या चकाचक टॉवरमध्ये विसाव्या-बाविसाव्या मजल्यावर एक बेडरूमचा फ्लॅट, खाली ट्राम, वर जिम आणि स्विमिंग पूल, आणि एजंट म्हणतो भाडेकरूंची रांग लागेल. आपण मुंबई-पुण्याकडून आलेली माणसं, 'स्टेशनपासून पाच मिनिटं' हे शब्द कानावर पडले की आपला अर्धा निर्णय तिथेच झालेला असतो.

तर माझं म्हणणं असं आहे की मेलबर्नच्या आतल्या भागात स्टेशनजवळचा फ्लॅट ही काही दुर्मिळ वस्तू नाही, तो हवा तेवढा बांधता येतो आणि बांधला जातोय. दुर्मिळ आहे ती स्टेशनजवळची जमीन. भाडं फ्लॅटला मिळतं हे खरं, पण किंमत वाढते ती जमिनीची, वरचं बांधकाम दरवर्षी जुनं होत जातं. म्हणून ट्रेनपासून किती मिनिटं हे विचारून झालं की लगेच विचारायचं, ह्यात जमिनीचा माझा हिस्सा किती, आणि शेजारी उद्या असेच तीनशे फ्लॅट उभे राहू शकतात का.

डॉकलंड्सकडे बघा ना. ट्रान्सपोर्टच्या दृष्टीने ह्याच्याहून चांगली जागा कोणती असणार, सदर्न क्रॉस स्टेशन चालत, म्हणजे बहुतेक लोकल लाइन्स आणि बॅलरॅट-जिलाँगच्या गाड्यासुद्धा, शिवाय १ जानेवारी २०१५ पासून फ्री ट्राम झोन, म्हणजे शहरात फिरायला तिकीटही नको. आणि तरीसुद्धा तिथे ऑफ द प्लॅन, म्हणजे बांधून होण्याआधीच नुसत्या नकाशावरून घेतलेले कितीतरी फ्लॅट वर्षानुवर्षं घेतलेल्या भावाच्या वर जाता जाईनात, काही तर त्याच्याही खाली विकले गेले. भाडेकरू मिळत होते, ट्राम येत होती, सगळं होतं, फक्त शेजारी तसेच शेकडो फ्लॅट तयार होत होते, त्यामुळे विकायला काढलं की घेणारा म्हणणार मी नवीनच घेतो की. त्यात २०१४ मध्ये तिथल्या लॅक्रॉस बिल्डिंगला बाल्कनीतल्या सिगारेटवरून आग लागली आणि बाहेरच्या क्लॅडिंगमुळे, म्हणजे भिंतींवर बाहेरून लावलेल्या आवरणामुळे, ती मजल्यामागून मजले चढत गेली, तेव्हापासून टॉवरमधला फ्लॅट म्हटलं की क्लॅडिंग कुठलं आहे हा प्रश्न कायमचा मागे लागला.

आता हे पुढे आणखी वाढणार आहे आणि तेही नेमकं स्टेशनांजवळच. ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हिक्टोरिया राज्य सरकारने जाहीर केलं की ट्रेन आणि ट्रामच्या आसपास ५० ठिकाणी जास्त उंच बांधकामाला परवानगी सोपी करणार, स्टेशनलगत दहा-वीस मजल्यांपर्यंत आणि चालत जाण्याच्या टप्प्यातल्या गल्ल्यांमध्ये तीन ते सहा मजले. शहरासाठी हे चांगलंच आहे असं माझं प्रामाणिक मत आहे, तरुण पोरांना कामाजवळ राहता आलं पाहिजे, किती दिवस सगळ्यांनी दीड-दीड तास गाडी चालवत यायचं. पण इन्व्हेस्टर म्हणून तुम्ही कुठल्या बाजूला उभे आहात ते बघा. त्या टप्प्यात तुमच्याकडे जमिनीचा बऱ्यापैकी हिस्सा असेल तर नियम सैल झाल्याने तुमची बाजू बळकट होते, आणि तुमच्याकडे नुसता एक फ्लॅट असेल तर तुमच्या फ्लॅटची आणखी शेकडो भावंडं येऊ घातलीत.

मग घ्यायचं काय? मला सगळ्यात आवडतात त्या साठ-सत्तरच्या दशकातल्या विटांच्या दोन-तीन मजली बिल्डिंगा, लिफ्ट नाही, पूल नाही, जिन्याने वर जायचं, इथे वॉक-अप म्हणतात. सहा, आठ, फार तर बारा फ्लॅट. दिसायला अगदी साध्या, फोटोत तर आणखीच साध्या, त्यामुळे आपली माणसं पुढे सरकतात. पण गणित करून बघा. समजा सातशे स्क्वेअर मीटरच्या प्लॉटवर आठ फ्लॅट आहेत, तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ८७ मीटर जमीन आली, आणि दोन हजार मीटरवर दोनशे फ्लॅटचा टॉवर असेल तर वाट्याला येते दहा मीटर. किंमत मात्र दोन्हींची पुष्कळदा जवळपासच असते, किंवा नवीन टॉवरवाला महागच. शिवाय लिफ्ट नाही म्हणजे ओनर्स कॉर्पोरेशनची, म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीसारख्या मालकांच्या संस्थेची फी कमी, आणि खोल्या मोठ्या, बेडरूमला खरी खिडकी. हे खिडकीचं वाक्य वाचून हसू नका, २०१७ मध्ये अपार्टमेंट डिझाइनचे नवे नियम येण्याआधी बांधलेल्या अनेक टॉवर फ्लॅट्समध्ये बेडरूमला बाहेरची खिडकीच नाही, हॉलमधून काचेतून येईल तेवढाच उजेड. बँका पण चाळीस-पन्नास मीटरपेक्षा लहान फ्लॅटला लोन देताना कां-कूं करतात, जास्त डिपॉझिट मागतात, आणि बँक तुम्हाला त्रास देतेय म्हणजे उद्या तुमच्याकडून घेणाऱ्यालाही देणारच.

वॉक-अपमध्ये एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून बघायची, ती म्हणजे टायटल. प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र मालकी देणारा स्ट्राटा टायटल्स अॅक्ट व्हिक्टोरियात आला १९६७ मध्ये, त्याच्या आधीच्या काही बिल्डिंगांमध्ये, सेंट किल्डा-साउथ यारा भागात विशेषतः, अजूनही कंपनी शेअर किंवा स्ट्रॅटम टायटल आहे. म्हणजे कंपनी शेअरमध्ये तुम्ही फ्लॅट विकत घेत नाही, कंपनीचे शेअर घेता आणि त्या शेअरवर फ्लॅट वापरायचा हक्क मिळतो; स्ट्रॅटममध्ये फ्लॅट तुमच्या नावावर असतो, पण सामायिक जागा एका कंपनीच्या असतात. अशा टायटलवर बऱ्याच बँका हात आखडता घेतात. भाव स्वस्त का वाटतोय ह्याचं उत्तर कधीकधी तिथेच असतं. पार्किंगचंही तसंच, जागा तुमच्या टायटलवर आहे की नुसती 'वापरू देतात' हे सेक्शन ३२ मध्ये, म्हणजे विकणाऱ्याने घराची माहिती द्यायच्या कागदपत्रात वाचून घ्या.

आता ट्रान्सपोर्टकडे येते, कारण 'जवळ' ह्या शब्दात लोक सगळ्यात जास्त गंडतात. नकाशावर रेघ दिसली म्हणजे सेवा चांगली असं नाही. प्लॅनिंगवाले लोक ट्रामसाठी साधारण ४०० मीटर आणि ट्रेनसाठी ८०० मीटर हे चालण्याचं अंतर धरतात, तेवढं ठीक आहे, पण पुढचा प्रश्न म्हणजे स्टेशनवर पोचल्यावर किती वेळ उभं राहायचं. अपफील्ड लाइन घ्या, ब्रन्सविकच्या मधोमध जाते, ज्युएल, ब्रन्सविक, अॅन्स्टी अशी स्टेशनं अगदी जवळजवळ, नकाशावर बघून वाटतं वा वा. पण ह्या लाइनचा शेवटचा तुकडा, गौरीच्या पुढे अपफील्डपर्यंत, सिंगल ट्रॅक आहे, त्यामुळे गाड्या वाढवायला मर्यादा येते आणि दुपारच्या वेळी वीस-वीस मिनिटं थांबावं लागतं. आणि मजा बघा, ब्रन्सविकला भाडेकरू तरीही भरपूर, कारण तिथे सिडनी रोडवर १९ नंबर, लायगन स्ट्रीटवर १ आणि ६, पूर्वेला ९६, पश्चिमेला ५८, अशा ट्राम आहेत आणि रेल्वेच्या कडेने सायकलचा रस्ता आहे. म्हणजे एक साधन ढिलं असलं तरी दुसरं आहे. माझा नियम असा की पायी जाऊन किमान दोन वेगळी साधनं मिळाली पाहिजेत, एक बंद पडलं, काम चालू असलं, रिप्लेसमेंट बस आली, तर माणूस दुसऱ्याने जाऊ शकला पाहिजे. इथे राहणाऱ्यांना रिप्लेसमेंट बस म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

ट्रामचंही एकदा नीट समजून घ्या. मेलबर्नचं ट्रामचं जाळं जगात सगळ्यात मोठं, साधारण २५० किलोमीटर, पण त्यातला मोठा भाग गाड्यांबरोबर एकाच रस्त्यावर चालतो, त्यामुळे सिडनी रोडवरची १९ किंवा स्मिथ स्ट्रीट-हाय स्ट्रीटवरची ८६ सकाळी कशी सरपटते ते बसून बघा. ह्याउलट सेंट किल्ड्याकडे जाणारी ९६ आणि पोर्ट मेलबर्नला जाणारी १०९, ह्यांचा शेवटचा बराचसा भाग जुन्या रेल्वेच्या मार्गावर आहे, १९८७ मध्ये त्या दोन रेल्वे लाइन्स काढून तिथे लाइट रेल केली, म्हणून तिथे ट्रामला स्वतःचा रस्ता आहे आणि ती सुसाट जाते. दोन्हीकडे लिस्टिंगमध्ये 'ट्राम जवळ' एवढंच लिहिलेलं असतं, फरक केवढा तो बघा. आणखी एक गोष्ट फारशी कोणी विचारात घेत नाही, शुक्रवार-शनिवार रात्रभर चालणाऱ्या ट्राम मोजक्याच आहेत, १९, ६७, ७५, ८६, ९६ आणि १०९. हॉस्पिटलात, रेस्टॉरंटात, बारमध्ये काम करणारी मुलं इनर सबर्ब्समध्ये भाड्याने राहतात, त्यांना रात्री दोन वाजता घरी कसं जायचं हे फार महत्त्वाचं असतं, आणि तुमच्या फ्लॅटसाठी हीच माणसं अर्ज करणार आहेत.

तिकिटाचं म्हणाल तर २०१५ पासून झोन १ आणि २ मिळून प्रवास केला तरी झोन १ एवढेच पैसे लागतात. म्हणजे लांबच्याला जास्त आणि जवळच्याला कमी असा हिशोब फारसा उरला नाही. जवळ राहणारा भाडेकरू जास्त भाडं देतो ते वेळेसाठी आणि गाडी न ठेवण्याच्या सोयीसाठी. एक गाडी वाचली की रेजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, पेट्रोल सगळं वाचतं, ते पैसे भाड्यात जातात. म्हणून बघताना स्टेशनइतकंच सुपरमार्केट, जीपी (फॅमिली डॉक्टर), पार्क हे पायी आहे का बघा, कारण स्टेशन जवळ पण दूध आणायला गाडी लागते अशा जागी गाडी ठेवावीच लागते आणि मग सगळा मुद्दाच संपला.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, मेट्रो टनेल. ३० नोव्हेंबर २०२५ ला सुरू झाला आणि १ फेब्रुवारी २०२६ पासून पूर्ण टाइमटेबलने चालू आहे. नऊ किलोमीटरचे जोडबोगदे, पाच नवीन स्टेशनं, आर्डन, पार्कव्हिल, स्टेट लायब्ररी, टाऊन हॉल आणि अँझॅक. पश्चिमेची सनबरी लाइन आणि दक्षिणपूर्वेची क्रॅनबर्न-पॅकेनहॅम लाइन आता ह्या बोगद्यातून एकमेकींना जोडल्या गेल्यात. ह्यावर लोक फक्त पाच नवीन स्टेशनांच्या आसपास काय घ्यावं एवढंच बोलतात, पण मला वाटतं खरा बदल बाजूच्या सबर्ब्समध्ये झालाय, काहींना मिळालंय आणि काहींचं गेलंय.

मिळालं ते फुटस्क्रेला. आधी फुटस्क्रेहून पार्कव्हिलला, म्हणजे मेलबर्न युनिव्हर्सिटी, रॉयल मेलबर्न हॉस्पिटल, पीटर मॅक कॅन्सर सेंटर ह्या पट्ट्यात जायला शहरात जाऊन ट्राम बदलावी लागायची, आता थेट गाडी. नर्सेस, डॉक्टर, रिसर्चवाले, पीएचडीची मुलं, ह्यांच्यासाठी पश्चिम बाजू एकदम जवळ आली. त्यात फुटस्क्रेलाच नवीन हॉस्पिटल बांधलंय, म्हणजे नोकऱ्या तिथेही आहेत. वेर्बी आणि विल्यम्सटाउन लाइनच्या गाड्याही फुटस्क्रेला थांबतात, व्ही-लाइनच्या, म्हणजे बाहेरगावच्या गाड्या थांबतात. पण फुटस्क्रे म्हणून सरसकट काहीही घेऊ नका. नदीच्या बाजूला जोसेफ रोडकडे टॉवरच टॉवर झालेत, तिथे तीच डॉकलंड्सची गोष्ट. मी बघीन मिडल फुटस्क्रे आणि वेस्ट फुटस्क्रे स्टेशनांच्या आजूबाजूच्या जुन्या गल्ल्यांमधले व्हिला युनिट (एकाच प्लॉटवरची छोटी एकमजली घरं) आणि वॉक-अप. वेस्ट फुटस्क्रेची बार्कली स्ट्रीट आपल्याला खाण्यासाठी माहीत आहेच, पुढच्या वेळी जाल तेव्हा मागच्या गल्ल्यांमधून चक्कर मारून या. सेडन आणि याराव्हिल दिसायला जास्त गोंडस आणि महागही, पण ते वेर्बी-विल्यम्सटाउन लाइनवर आहेत, बोगद्याची गाडी पकडायची तर फुटस्क्रेला बदलावं लागतं.

आणि गेलं कोणाचं, तर साउथ यारा आणि रिचमंडचं. पॅकेनहॅम-क्रॅनबर्नच्या गाड्या आता ह्या दोन्ही स्टेशनांवर थांबत नाहीत, त्या बोगद्यातून सरळ अँझॅकला जातात. म्हणजे क्लेटनला मोनाश युनिव्हर्सिटीत काम करणारा माणूस साउथ याराला राहत असेल तर त्याला कॉलफील्डला गाडी बदलावी लागते. तिकडे सनबरीच्या गाड्या नॉर्थ मेलबर्नला थांबत नाहीत. आता ह्याचा अर्थ साउथ यारा बुडालं असा बिलकुल नाही, फ्रँक्सटन आणि सँड्रिंगहॅम लाइन आहेत, रिचमंडला तर त्याशिवाय बेलग्रेव्ह, लिलीडेल, अॅलामीन, ग्लेन वेव्हर्लीच्या गाड्या आहेत आणि ट्राम आहेत. पण जुन्या लिस्टिंगमधली वाक्यं एजंट तशीच पुढे चालवतात, 'एवढ्या लाइन्सचं जंक्शन' वगैरे, ते आजच्या टाइमटेबलशी ताडून बघा. टाइमटेबल फुकट आहे, ते वाचायला पाच मिनिटं लागतात आणि लाखो डॉलरचा व्यवहार करणारी माणसं ते वाचत नाहीत ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

जे रूळ अजून पडलेच नाहीत त्यांच्या भरवशावर तर पैसे लावूच नका. फिशरमन्स बेंड २०१२ मध्ये रीझोन झालं, म्हणजे तिथे राहती घरं बांधायला परवानगी मिळाली, ब्रोशरमध्ये ट्राम दाखवून फ्लॅट विकले गेले, ट्राम अजून आलेली नाही. डॉनकॅस्टरची रेल्वे १९६९ च्या आराखड्यात होती, डॉनकॅस्टरचे लोक अजून बसनेच जातात. आणि आर्डनचं तर नवलच, स्टेशन वेळेत आलं पण तिथे जे मोठं हॉस्पिटल होणार म्हणून सगळीकडे सांगत होते ते २०२४ मध्ये सरकारने रद्द केलं, कारण काय तर मेट्रोच्या गाड्यांमुळे होणाऱ्या इलेक्ट्रोमॅग्नेटिक अडथळ्याचा हॉस्पिटलच्या नाजूक मशीनवर परिणाम होईल. म्हणजे एक योजना दुसऱ्या योजनेच्या आड आली. आर्डन पुढेमागे छान होईलही, पण आज तिथे गोदामं आणि मोकळ्या जागा आहेत आणि पुढे काय बांधतील ते आपल्या हातात नाही. मी चालत जवळच्या केन्सिंग्टनच्या जुन्या भागात जाईन, तिथे क्रेगीबर्न लाइनचं स्टेशन आहे, गावासारखी छोटी बाजारपेठ आहे.

केन्सिंग्टनचं नाव घेतलंच आहे तर पुराचं सांगितलंच पाहिजे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मरिबर्नाँग नदीला पूर आला, त्यानंतर मेलबर्न वॉटरने नवीन मॉडेलिंग केलं आणि २०२४ मध्ये आलेल्या नकाशांत केन्सिंग्टन बँक्स ह्या वस्तीतली कितीतरी घरं पहिल्यांदाच पुराच्या धोक्यात दाखवली गेली. तिथल्या लोकांना इन्शुरन्सचे आकडे बघून घाम फुटला. ही माणसं बेसावध होती असं नाही, त्यांनी घेतलं तेव्हा नकाशावर तसं काही नव्हतं. आता तुम्ही घेताय तर नकाशा आहे, ऑफर देण्याआधी त्या पत्त्याचा इन्शुरन्स कोट ऑनलाइन काढून बघा. नदी आणि रेल्वे दोन्ही सखल जमीन धरून चालतात, त्यामुळे स्टेशनजवळच्या बऱ्याच जागांना हा प्रश्न लागू होतो.

हॉथॉर्नबद्दल थोडंसं, कारण मला ते मनापासून आवडतं आणि आपले लोक 'महाग आहे' म्हणून बघतच नाहीत. घरं महाग आहेत, प्रश्नच नाही. पण ग्लेनफेरी स्टेशनच्या आजूबाजूला जुने वॉक-अप भरपूर आहेत, स्विनबर्न युनिव्हर्सिटी स्टेशनला लागून, बेलग्रेव्ह, लिलीडेल आणि अॅलामीनच्या गाड्या इथून जातात आणि ग्लेनफेरी रोडवर १६ नंबरची ट्राम. दोन बेडरूमचा जुना फ्लॅट, टायटलवर पार्किंग, मागे दोरीवर कपडे वाळत घालायला जागा, एवढं मिळालं तर भाडेकरूची चिंता नको. नॉर्थकोट-थॉर्नबरी पण छान, मर्न्डा लाइन आणि ८६-११ ट्राम, मात्र तिथे चांगलं युनिट आलं की फर्स्ट होम बायर्स ऑक्शनला तुटून पडतात. सेंट किल्डा ज्याच्या त्याच्या आवडीवर, ट्राम उत्तम, पण ट्रेन बालाक्लावाला किंवा विंडसरला.

खर्चाचं गणित. जमिनीचा हिस्सा जास्त घ्या म्हणतेय तर त्याची दुसरी बाजू पण सांगते, लँड टॅक्स. व्हिक्टोरियात २०२४ पासून सूट फक्त ५०,००० डॉलरपर्यंत राहिली, आधी ती ३,००,००० होती. साइट व्हॅल्यू, म्हणजे बांधकाम सोडून नुसत्या जमिनीची किंमत, ५०,००० ते १,००,००० असेल तर वर्षाला ५०० डॉलर, १,००,००० ते ३,००,००० ला ९७५, आणि त्याच्या वर १,३५० अधिक वरच्या रकमेवर ०.३ टक्के, पुढे आणखी टप्पे आहेत. राहतं घर ह्यात धरत नाहीत, पण राज्यातल्या तुमच्या बाकी सगळ्या जमिनी एकत्र मोजतात. म्हणजे टॉवरमधल्या फ्लॅटवर टॅक्स शून्य आणि माझ्या लाडक्या वॉक-अपवर ९७५ असं सहज होऊ शकतं. मला तो टॅक्स चालतो. कारण टॉवरची ओनर्स कॉर्पोरेशन फी, लिफ्ट, पूल, जिम, कॉन्सिअर्ज धरून, ह्याच्या कितीतरी पट असते आणि ती भरून जमिनीचा एक इंचही वाढून मिळत नाही. ओनर्स कॉर्पोरेशनच्या मागच्या मीटिंगांचे मिनिट्स मागून वाचा, कुठली स्पेशल लेव्ही (जादा वर्गणी) येतेय, छप्पर गळतंय का, कोण कोणाशी भांडतंय, सगळं त्यात असतं. आणि निव्वळ निगेटिव्ह गिअरिंगने, म्हणजे भाड्यापेक्षा खर्च जास्त झाला की तो तोटा उत्पन्नातून वजा करून, टॅक्स वाचतो म्हणून घर घेऊ नका, टॅक्सचे नियम सरकार बदलू शकतं, स्टेशनपासूनचं अंतर बदलत नाही.

भाड्याच्या नियमांवरून आपल्या ग्रुप्समध्ये फार आरडाओरडा होतो. वर्षातून एकदाच भाडं वाढवता येतं, हॉलमध्ये फिक्स हीटर लागतो, गॅस आणि इलेक्ट्रिकची सेफ्टी चेक दर दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ पासून कारण न देता भाडेकरूला काढता येत नाही. ठीक आहे ना. आपणही इथे आलो तेव्हा कोणाच्या तरी घरात भाड्याने, थंडीत कुडकुडत राहिलोच होतो. जुना फ्लॅट घेताना वायरिंग आणि हीटरचा खर्च किमतीत धरा, एवढं केलं की ह्या नियमांत घाबरण्यासारखं काही नाही.

ऑक्शनला कूलिंग ऑफ, म्हणजे सही केल्यावर मागे फिरायची मुदत, नसतं हे मात्र लक्षात ठेवा, हातोडा पडला की तुमचं. प्रायव्हेट सेलमध्ये तीन बिझनेस डे मिळतात. म्हणून सेक्शन ३२ वकिलाकडून आणि बिल्डिंग इन्स्पेक्शन, दोन्ही ऑक्शनच्या आधी, मग घर मिळो न मिळो. आणि रात्री नऊ-दहाला स्टेशनवर उतरून त्या पत्त्यापर्यंत चालून बघा, एकटीने किंवा मुलीला घेऊन. दिवे आहेत का, अंडरपास आहे का, बेडरूमच्या खिडकीखालून मालगाडी जाते का, हे शनिवारी दुपारी बारा वाजताच्या इन्स्पेक्शनला कधीच कळत नाही.

शेवटी टेम्पररी व्हिसावर असलेल्या मंडळींसाठी, कारण असे मेसेजही बरेच येतात. १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७ टेम्पररी रेसिडेंट्सना जुनं, आधी बांधलेलं घर घेता येत नाही, काही मोजके अपवाद आहेत. फक्त नवीन, तेही एफआयआरबीच्या (परदेशी गुंतवणूक तपासणारं सरकारी मंडळ) परवानगीने आणि फी भरून, वर व्हिक्टोरियाची फॉरेन पर्चेसर म्हणून ८ टक्के जादा ड्यूटी. त्यामुळे एजंट तुम्हाला नेमके ऑफ द प्लॅन टॉवरच दाखवणार, आणि त्यावर ऑक्टोबर २०२६ पर्यंत स्टॅम्प ड्यूटीची सवलत आहे हेही सांगणार. सवलत खरी आहे. पण मी वर ज्या कारणांसाठी टॉवर नको म्हणतेय ती कारणं सवलतीने बदलत नाहीत, आणि ८ टक्क्यांचा खड्डा भरून निघायला किती वर्षं लागतील ते कागदावर मांडून बघा. पीआर, म्हणजे कायम राहण्याचा व्हिसा, जवळ आली असेल तर थांबा. तोवर डिपॉझिट वाढवा, जे तीन सबर्ब्स आवडतात तिथे शनिवारी ऑक्शनला नुसते उभे राहा, कुठला फ्लॅट कितीला गेला ते वहीत लिहून ठेवा आणि येताना जाताना गाडी घरी ठेवून ट्रेनने जा.